दीड चौरस फुटांत चार न्यूट

"लिटर तर जास्तच होतायत ना? मग तुमचा प्रॉब्लेम काय आहे?"

पेणमधल्या एका नव्याकोऱ्या फ्लॅटच्या हॉलमध्ये उभं राहून इंटिरिअर डिझायनर मला हे विचारत होता. हातात टॅब्लेट, त्यावर भिंतीचं चित्र. चित्रात टीव्हीच्या शेजारी एक उंच, अरुंद काचेचा खांब. आत निळा लाइट. खांब म्हणजे माझ्याकडून बनवून घ्यायचा टँक. दीड फूट रुंद, एक फूट खोल आणि तीन फूट उंच.

मी रोह्याजवळच्या अष्टमी गावात फिश टँक बनवतो. तीस वर्षं झाली. काच कापायची, कडा घासायच्या, सिलिकॉनने जोडायची, दोन दिवस सुकवायची, पाणी भरून लीकेज बघायचं. एवढंच काम. पण तीस वर्षांत एक गोष्ट पक्की कळली आहे. गिऱ्हाईक टँक बघतं, आत काय राहणार ते बघत नाही.

इथे आत राहणार होते न्यूट. चार.

न्यूट म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण आपल्याकडे तो कोणी पाळत नाही आणि फारसा कोणी पाहिलेलाही नाही. दिसायला पालीसारखा. बोटाएवढा, पाठ काळी, पोट शेंदरी आणि त्यावर काळे ठिपके. पण पालीशी त्याचं काही नातं नाही. तो बेडकाचा भाऊबंद. पाण्यात राहतो, पण श्वास घ्यायला वर येतो. माशासारखा मधल्या पाण्यात तरंगत नाही, तळावरून चालतो. कंटाळा आला की दगडावर चढून बसतो. आणि त्याला गारवा लागतो. पाणी बावीस-तेवीस अंशांच्या वर गेलं की तो खाणं सोडतो.

म्हणजे त्याला हवा लांब-रुंद तळ, बेताचं पाणी, वर चढायला जागा आणि घट्ट झाकण. उंची त्याच्या काही कामाची नाही. तीन फूट खोल पाण्यातून दर थोड्या वेळाने वर यायचं म्हणजे त्या बोटभर जिवाला दिवसभर जिने चढायला लावल्यासारखं आहे.

हे सगळं मी त्या डिझायनरला सांगितलं. त्याने ऐकलं आणि पुन्हा लिटरवर आला.

"जुना टँक किती लिटरचा होता?"

"तीन फूट बाय दीड फूट. पाणी आठ इंच. पंच्याऐंशी लिटर धरा."

"हा सव्वाशे. दीडपट. प्राण्यांना जास्तच मिळतंय, काका."

"साहेब, जुन्याचा तळ साडेचार चौरस फूट होता. ह्याचा दीड. तिसरा हिस्सा. ते पाण्यात राहतात, पण चालतात तळावर."

"पण व्हर्टिकल स्पेस..."

व्हर्टिकल स्पेस! तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या माणसाने आयुष्यात न्यूट पाहिला नव्हता. त्याने पाहिली होती फक्त भिंत.

न्यूटांची खरी मालकीण कोपऱ्यात खुर्चीवर बसली होती. वसुधाबाई. रोह्याच्या शाळेत मला विज्ञान शिकवायच्या. आता पंचाहत्तरी ओलांडलेली. नवरा गेल्यावर दहा-बारा वर्षं अष्टमीच्या घरात एकट्या राहिल्या आणि ह्या न्यूटांना सांभाळलं. त्यांच्या एका विद्यार्थिनीने मुंबईत घेतले होते, तिच्या नवऱ्याची बदली झाली तेव्हा बाईंकडे आणून सोडले. बाईंनी त्यांना नावं दिली नाहीत. पोटावरचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, त्यावरून ओळखून नंबर दिले. एक, दोन, तीन, चार. रोज सकाळी टँकसमोर उभं राहून हजेरी घ्यायच्या. त्या घरात एसी बसवला तोही न्यूटांसाठी. "मी आपली त्यांच्याबरोबर फुकटात बसते," असं म्हणायच्या.

मागच्या पावसाळ्यात बाई न्हाणीघरात घसरल्या. हाड मोडलं नाही, पण मुलगा मंदार घाबरला. तो डोलवीला कंपनीत आहे, फ्लॅट पेणला. "आता एकटं राहायचं नाही," म्हणाला आणि आईला घेऊन आला. त्यात त्याचं चुकलं असं मी म्हणत नाही. बाईंनी एकच अट घातली होती, न्यूट बरोबर येतील. भांडीकुंडी, कपाटं, नवऱ्याची पुस्तकं, सगळं मागे ठेवलं. चार न्यूट तेवढे मागितले.

मंदार म्हणाला, "आई, तू काळजी करू नको. तुझ्यासाठी जुन्यापेक्षा भारी टँक करतो." आणि त्याने काम डिझायनरला दिलं. आता तोही हॉलमध्ये उभा होता.

"मंदार," बाई म्हणाल्या, "मला भारी नको. माझा जुना आण."

"आई, तो हॉलमध्ये कसा दिसेल? तीन फुटी टँक ठेवायचा कुठे? इथे आधीच शू-रॅक, डायनिंग..."

बाईंनी त्याच्याशी वाद घातला नाही. माझ्याकडे वळल्या.

"दत्ता, तू सांग. ह्यात चालेल?"

आता खरं सांगतो, कारण राग मला सगळ्यात जास्त इथेच येतो आणि तो माझाच येतो. हा डिझायनर मला वडखळपासून अलिबागपर्यंतच्या हॉटेलांची कामं द्यायचा. मंदारही चांगल्या घरचा, चांगला बोलणारा. बाईंनी मला शाळेत 'चूक असेल तर उभं राहून सांगायचं' असं शिकवलेलं. आणि मी म्हणालो,

"करू काहीतरी ॲडजस्ट, बाई. चालवता येईल."

बाईंनी मान डोलावली. माझ्या शब्दावर डोलावली.

घरी आलो. माझी बायको सुमन दुकानात काचा पुसायला बसते, सिलिकॉनची लाइन माझ्यापेक्षा सरळ मारते. तिला माप सांगितलं.

"ह्या उभ्या डब्यात बाईंचे न्यूट?"

"हॉटेलवाला डिझायनर हाय तो. त्याने ठरवलंय."

"आणि तुमाला तोंड नाय काय?"

"बोललो ना. ऐकत नाय."

"बाई तुमाला विचारत होत्या की त्याला?"

मी काच कापायला घेतली.

उंच टँकला काच जाड लागते. पाण्याचा दाब उंचीवर ठरतो, लिटरवर नाही. म्हणून बारा एमएमची काच लावली. मधोमध दोन फळ्या बसवल्या, वर चढून बसायला. पाणी अर्धंच भरायचं असं डिझायनरला बजावलं. तो म्हणाला, अर्धा रिकामा टँक विचित्र दिसतो, तीन-चतुर्थांश तरी भरा. झाकण नको म्हणत होता, वरून लाइट पडला पाहिजे म्हणे. झाकणावर मात्र मी अडून बसलो. काचेचं झाकण बनवलं, व्यवस्थित, खाचेत बसणारं.

आणि त्या झाकणाचा मागचा कोपरा बोटभर कापला.

का कापला? आमच्या धंद्यात प्रत्येक झाकणाचा मागचा कोपरा कापतात. पंपाची वायर आणि हवेची नळी बाहेर काढायला. हात आपोआप कापतो. तीस वर्षांत मी हजारो कोपरे कापले असतील. मासा कोपऱ्यातून बाहेर येत नाही. बाईंच्या जुन्या टँकला मीच जाळीचं झाकण केलं होतं, नळीभोवती स्पंज ठासून. ह्या वेळी ते डोक्यात आलंच नाही. डोकं तेव्हा चिडण्यात गुंतलं होतं.

टँक लागला. पहिल्या दिवशी सगळे खूश. मंदारच्या बायकोने फोटो काढले. निळ्या उजेडात न्यूट काळ्या ठिपक्यांसारखे दिसत होते. बाईंनी फक्त एकदा आत हात घालून थर्मामीटर चिकटवला.

आठवड्याने बाईंचा फोन आला.

"दत्ता, पाणी अठ्ठावीसला आहे."

"पंखा लावा ना बाई, पाण्यावरून वारा गेला की उतरेल."

"वारा जायला जागाच नाही रे. तिन्ही बाजूंनी प्लायवूड आहे. वरचे लाइट तापतात. बंद केले की सूनबाई लावते, पाहुणे आले की मंदार लावतो. आणि ही भिंत पश्चिमेची आहे. दुपारी हात लावून बघ."

"बर्फाची बाटली सोडा."

"सोडते. दिवसाला चार. आणि ऐक, सगळे वर कोपऱ्यात लटकलेले असतात. तळाला कोणी उतरत नाही."

न्यूट वरच्या कोपऱ्यात काचेला चिकटून बसायला लागले म्हणजे त्यांना तिथून निघायचं आहे. हे मला माहीत होतं. मी काय म्हणालो? "नवी जागा आहे, बाई. रुळतील."

रुळतील! स्वतःच्या तोंडाचा असा राग क्वचित येतो. बाईंनीच शिकवलेलं विज्ञान मी बाईंना खोटं करून सांगत होतो, तेही गोड बोलून.

बाराव्या दिवशी सकाळी फोन. बाईंचा आवाज अगदी साधा.

"दत्ता, आज हजेरीला तीनच आहेत."

मी दुकान सुमनवर टाकून टेम्पो काढला. सरळ पेण. हॉलमध्ये शिरलो तेव्हा मंदार ऑफिसला जायच्या तयारीत, बाई जमिनीवर गुडघे टेकून टॉर्चने सोफ्याखाली बघत होत्या. ह्या वयात. घसरून पडलेल्या बाई.

मी त्यांना उठवून खुर्चीत बसवलं आणि स्वतः शोधायला लागलो. टँकच्या मागच्या कोपऱ्यात सिलिकॉनवर ओल्या पायांच्या खुणा होत्या. न्यूट सिलिकॉनच्या कडेकडेने चढतो, त्याला काचेपेक्षा तिथे पकड मिळते. वर पोहोचला आणि तिथे माझा कापलेला कोपरा. नळी जाऊनही फट उरली होती. बोटाएवढाच तर प्राणी.

टीव्ही युनिटच्या मागे, वायरींच्या गुंत्यात सापडला. सुकलेला, वाकलेला, अंगाला धूळ चिकटलेली. मी पोट उलटं करून बाईंना दाखवलं.

"चार नंबर," बाई म्हणाल्या. "सगळ्यात धाकटा."

त्या रडल्या नाहीत. पदराच्या टोकाने त्याच्यावरची धूळ पुसली. तेवढ्यात मागून मंदार म्हणाला,

"सॉरी आई. पण एकच गेला ना? काका, मुंबईला मिळतात ना हे? एक दुसरा आणून टाकू."

मी आजवर गिऱ्हाइकावर आवाज चढवला नव्हता. त्या दिवशी चढवला.

"मंदार, पेपर आण. कालचा."

"कशाला?"

"आण म्हणतो ना!"

आमच्या धंद्यात नव्या गिऱ्हाइकाला टँकचं माप कळावं म्हणून पेपर कापून जमिनीवर टाकतात. तोंडी फूट-इंच सांगून कोणाला काही कळत नाही. मी दोन तुकडे केले. एक दीड फूट बाय एक फूट. दुसरा, दोन पानं चिकटवून, तीन फूट बाय दीड. हॉलच्या चकचकीत टाइल्सवर शेजारी शेजारी ठेवले.

"हा तुझ्या आईचा जुना टँक. आणि हा तू दिलेला. बघ."

"पण त्यात पाणी जास्त..."

"पाणी बाजूला ठेव! चालायचं इथे आहे. दगड इथे ठेवायचा, झाड इथे लावायचं, खायला गांडूळ इथे टाकायचं आणि चौघांनी एकमेकांपासून लांब व्हायचं ते ह्या एवढ्याशा कागदात. तुमच्या फ्लॅटची उंची चाळीस फूट केली आणि हॉल बाथरूमएवढा केला, तर राहशील? क्यूबिक फूट जास्त भरतात, राहा म्हटलं तर राहशील?"

मंदार कागदांकडे बघत राहिला.

"आणि चूक तुझ्या एकट्याची नाही," मी म्हणालो. "डिझायनरची नाही. कोपरा मी कापला. बाईंनी मला विचारलं तेव्हा 'चालवता येईल' मी म्हणालो. मला ठाऊक होतं चालणार नाही. माझं हॉटेलचं काम जाईल म्हणून बोललो नाही. बाई, मी तुमच्यासमोर उभं राहून खोटं बोललो."

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. शाळेत गृहपाठ न केलेल्या पोराकडे बघायच्या तसं. आपल्याला वाटतं ओरडतील, आणि त्या ओरडत नाहीत, त्याने जास्त लागतं.

"कळलं होतं मला," त्या म्हणाल्या. "शब्द अडखळला होता तुझा. मीही गप्प बसले. म्हटलं, मुलाच्या घरी आले आहे, किती अटी घालायच्या." मग थोडं थांबून विचारलं, "माझा जुना टँक भंगारात गेला का रे?"

गेला नव्हता. मंदारने मला टाकून द्यायला सांगितलं होतं. माझ्या हाताने बनवलेला टँक टाकवला नाही, गोडाऊनमध्ये ठेवला होता.

"आणि टेम्पो खाली आहे?"

"हाय, बाई." माझ्या तोंडून गावचं निघालं.

"मंदार, माझी बॅग काढ. मी अष्टमीला जाते."

पुढचा अर्धा तास मंदारने सगळं करून पाहिलं. हात जोडले, चिडला, डॉक्टरचं नाव घेतलं, न्हाणीघराची आठवण दिली. सूनबाई रडली. बाईंचं एकच.

"न्हाणीघरात दांडी बसव, रबरी मॅट टाक, रात्री सोबतीला शेजारची मालती येऊन झोपेल. माझ्या पडण्यावर उपाय आहेत. हे तिघं इथे महिनाभर जगणार नाहीत, त्यावर तुझ्याकडे उपाय आहे का?"

तिघांना थर्मोकोलच्या खोक्यात ओल्या शेवाळावर ठेवलं, बर्फाची बाटली कापडात गुंडाळून शेजारी. चौथा बाईंच्या रुमालात. मी म्हणालो, बाटलीत ठेवायचा का, शाळेच्या लॅबमध्ये ठेवतात तसा? "आयुष्यभर पोरांना बाटलीतले प्राणी दाखवले," बाई म्हणाल्या. "हा नाही." हायवेला खड्डे असे, की मी टेम्पो बैलगाडीच्या वेगाने हाकला. मागून हॉर्न वाजत होते. वाजू दे म्हटलं. नागोठण्याला उतरून एकदा झाकण उघडून बघितलं. तिघं एकमेकांना चिकटून बसले होते, जिवंत.

त्या संध्याकाळी बाईंच्या मागच्या खोलीत जुना टँक लागला. मी वाटेतून फोन केल्यावर सुमनने तो आधीच धुऊन ठेवला होता, आमच्या दुकानातल्या चालू टँकचं मुरलेलं पाणी कॅनमधून आणलं होतं. नव्या टँकमध्ये नळाचं पाणी भरून लगेच जीव सोडायचे नसतात. पाण्यात घाण पचवणारे जिवाणू वाढावे लागतात, त्याला महिनाभर लागतो. त्याला आम्ही पाणी मुरवणं म्हणतो. न्यूट पाण्यात सोडले. पहिला तळाला गेला आणि चालायला लागला. बाई एसी लावून बसल्या. चौथ्याला परसात कढीपत्त्याखाली पुरलं.

डिझायनरचा दुसऱ्या दिवशी फोन. "काका, क्लायंटसमोर तुम्ही माझं डिझाइन..." मी म्हणालो, "साहेब, ते डिझाइन नव्हतं, भिंतीची पुट्टी होती." हॉटेलची कामं बंद झाली. झाली तर झाली. मी आता झाकण कापायच्या आधी आत काय राहणार ते विचारतो. मासा नसेल तर कोपरा कापत नाही.

पंधरा दिवसांनी मंदार स्वतः दुकानात आला. कंपनीतून सरळ, शिफ्टच्या बुटांतच.

"काका, टीव्ही युनिट तोडलंय. शू-रॅक बाहेर जिन्यात काढला. उत्तरेची भिंत मोकळी केली. तीन फूट बाय दीड. चार फुटीसुद्धा बसेल. बनवून द्याल? आईला सांगा ना, की आता बरोबर आहे."

"मी काय सांगायचं? माझ्या शब्दावर एकदा फसल्या आहेत त्या. तूच सांग."

चार फुटी बनवला. बारा इंच उंच, जाळीचं झाकण, नळीभोवती स्पंज. पेणला नेऊन लावला. मंदारने बाईंना फोन लावून स्पीकरवर ठेवला.

"आई, टँक तयार आहे. एसी पण लावलाय हॉलला. कधी येतेस?"

"पाणी कधी भरलंस?"

"आज."

"मग महिनाभर मुरव. रोज दुपारी दोनला थर्मामीटरचा फोटो पाठव. बावीसच्या वर एकही दिवस जाता कामा नये. मग बघू."

"आई, रिकाम्या टँकसाठी महिनाभर एसी?"

"हो. रिकाम्या."

मंदारने माझ्याकडे बघितलं. मी स्पंज ठासत होतो, मान वर केली नाही.

ह्याला आता पाच आठवडे झाले. कंपनीत शिफ्ट असली तर मंदार सूनबाईला फोन करून आठवण करतो, आणि रोज दोन वाजता फोटो येतो. बाई तो मलाही पुढे पाठवतात, तपासायला. एके दिवशी आकडा चोवीस आला होता, लाइट गेले होते म्हणे. बाईंनी महिना पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावला आहे.